चुण्या बसेपर्यंत

कुठल्याही घरी माप घ्यायला गेले की मी टेप पिशवीतच ठेवते आणि आधी खिडकीपाशी जाऊन उभी राहते. मग विचारते, "काय दिसू द्यायचं आणि काय नाही?" ही पद्धत माझ्या सासऱ्यांची. पडद्यांचं दुकान आधी त्यांचं, मग माझ्या नवऱ्याचं, आणि आता ते दोघंही नसल्यामुळे माझं. लोकांना वाटतं, पडदेवाली बाई रंग विचारेल, कापड विचारेल. हा प्रश्न ऐकून ते गोंधळतात, बाहेर बघतात आणि एकदा बोलायला लागले की थांबायचं नाव घेत नाहीत. या शहरातल्या वस्त्यांबद्दल मला जे काही कळतं ते असं परक्यांच्या खिडक्यांतून कळलेलं आहे.

टेकडीच्या उतारावर एक निवृत्त बसचालक राहतो. त्याच्या खिडकीखालीच डेपो. धूर, भोंगे, डिझेलचा वास. मला वाटलं, हा माणूस जाडजूड कापड मागणार. तर म्हणाला, पडदा अर्धाच करा, संध्याकाळी गाड्या रांगेत लागतात ते मला बसल्या जागी दिसलं पाहिजे. कोणता चालक गाडी तिरकी लावतो हे तो नावं ठेवत सांगत होता आणि त्याची बायको आतून म्हणत होती की या माणसाची खाट एकदाची डेपोतच टाका. बाजारपेठेतल्या एका व्यापाऱ्याच्या आईला सकाळी शटर वर जाताना होणारा खडखडाट हवा असतो. बाजार बंद असला की म्हातारीचं डोकं दुखतं. नदीकाठच्या लोकांना नदी आवडते असं कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका. त्यांना पूल आवडतो, कारण कोण कोणाबरोबर चाललंय ते पुलावर दिसतं. आणि नव्या वसाहतीत, जिथे रस्ते रुंद आहेत आणि झाडं अजून काठीला बांधलेली आहेत, तिथे सगळे एकच सांगतात की इथे शांतता फार. सांगताना टीव्ही मात्र चालू असतो.

मला उलट कुणी विचारत नाही. एकदाच विचारलं, माझ्या मुलीने. ती दुसऱ्या शहरात एका उंच इमारतीत राहते. तिथल्या काचा उघडतच नाहीत. दर रविवारी फोनवर तिचं पालुपद ठरलेलं असतं, आई, आता दुकान आवर आणि इकडे ये. मी म्हणते, मला माझी वस्ती आवडते.

"पण तिथे तुझं आहे कोण?" तिने विचारलं.

मी म्हटलं, इथे पाणी वेळेवर येतं. ती हसली. खरं उत्तर दिलं असतं तर हसली नसती, मिळेल त्या गाडीने मला न्यायला आली असती.

खरं उत्तर असं की माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, मागच्या बोळापलीकडे, दुसऱ्या इमारतीची एक खिडकी आहे आणि तिच्यात समोरचे काका राहतात. काका हे नाव मीच ठेवलेलं. आखूड केस, ढगळ शर्ट, आणि दिवा कायम पाठीमागे, त्यामुळे चेहरा कधी दिसलाच नाही. पूर्वी ते वेळीअवेळी दिसायचे, कधी कित्येक दिवस दिसायचेच नाहीत. गेल्या उन्हाळ्यापासून मात्र दिवेलागणीला त्यांची खिडकी रोज उजळायला लागली. ते उभ्यानेच चहा पितात, मग खिडकीशी बसून जेवतात. एकटेच.

त्याआधी मी ओट्यापाशी उभी राहून पातेल्यातूनच जेवत असे, कारण एका माणसासाठी ताट कशाला खरकटं करायचं. काका दिसायला लागले तशी मी टेबल ओढून खिडकीशी नेलं. ताट घ्यायला लागले. जेवणाची वेळ हळूहळू त्यांच्या वेळेवर आणली. त्यांनी घास घेतला की मी घेते. कुणाला हसायचं असेल तर त्याने खुशाल हसावं. नवरा गेल्यापासून मी कुणाबरोबर जेवलेच नव्हते आणि आता जेवत होते. आम्ही एकमेकांना कधी हात केला नाही, मान डोलावली नाही. मला त्याची गरजही वाटली नाही. या वस्तीत मला काय आवडतं, तर हे.

मग एका नर्सबाईंचा फोन आला. पत्ता मागच्या रस्त्यावरचा. मागचा रस्ता म्हणजे आमच्यासाठी परमुलूखच. मधल्या बोळात उंच भिंत आहे आणि भिंतीपलीकडची वस्ती वेगळी धरतात. त्यांचा बसथांबा वेगळा, दवाखाना वेगळा, नळाच्या पाण्याची वेळसुद्धा वेगळी. त्यांच्या इमारतींची तोंडं तिकडे, आमच्या इकडे, पाठीला पाठ लावून आम्ही सगळे राहतो. तिथे जायचं तर चौकातून मोठा वळसा पडतो. माझं गिऱ्हाईकही तिकडे फारसं नाही, त्यामुळे नक्की कोणती इमारत कुठे येते याचा मला पत्ता नव्हता.

दार उघडलं ते उंच, सडपातळ बाईंनी. केस आखूड, अंगात ढगळ शर्ट. तेव्हाही माझ्या डोक्यात काही आलं नाही. त्या उन्हाळ्यातच इस्पितळातून निवृत्त झाल्या होत्या. सगळा जन्म पाळ्यांमध्ये गेला, घरात बसायची सवयच नाही, असं त्या जाता जाता म्हणाल्या. रंग कुठलाही चालेल, पण अस्तर असं लावा की उजेडाची तिरीपसुद्धा आत यायला नको आणि बाहेरचं काही दिसायला नको. मी नेहमीप्रमाणे खिडकीपाशी गेले आणि माझा प्रश्न विचारायला तोंड उघडलं.

समोर माझं स्वयंपाकघर होतं. खिळ्याला टांगलेली गाळणी, खिडकीशी ओढलेलं टेबल, एकच खुर्ची आणि पालथं घातलेलं एकच ताट. घरात वावरताना ते कधी एवढं एकच वाटलं नव्हतं. मी खिडकीची चौकट धरली. समोरचे काका म्हणजे या बाई. खरं सांगते, मला आधी हसूच आलं. एवढे दिवस मी एका बाईला काका म्हणत होते आणि त्यांच्यासमोर पदर नीट करून बसत होते. आता वळावं आणि सांगावं, दोघी मिळून हसावं, असं मनात आलं.

"ती समोरची बाई," माझ्यामागून नर्सबाई म्हणाल्या. "रोज संध्याकाळी तिथे बसून एकटी जेवते. सावकाश, एकेक घास. मला बघवत नाही हो."

मी विचारलं की ती काही त्रास देते का.

"छे, त्रास कसला. तिच्याकडे बघितलं की मला माझंच ताट दिसतं. म्हणून म्हणते, दिसूच नये."

पिशवीत हात घातला तर टेप सापडेना. सापडली तेव्हा मी माप घेतलं, पुन्हा घेतलं आणि तरी लिहिताना चुकले. त्यांनी मला ओळखलं नव्हतं. माझ्याही घरात दिवा पाठीमागे असतो, आणि चष्मा मी फक्त कामावर लावते. त्यांना काय सांगणार होते मी? की जिच्याकडे तुम्हाला बघवत नाही ती मीच? जीभ रेटली नाही. मी कापडाचे नमुने दाखवले, त्यांनी पहिल्यावरच बोट ठेवलं, आणि मी निघाले. परतीच्या वळशात मला रडू येत होतं. रस्त्यात ओळखीचं कुणी भेटणार नाही हे त्यातल्या त्यात बरं होतं.

त्या संध्याकाळी मी टेबल ओढून आतल्या भिंतीशी नेलं. एखाद्याला बघवत नसेल तर ते दिसू देऊ नये, आमचा धंदाच तो. स्वयंपाकघरातला दिवा लावला नाही. बाहेरच्या खोलीतून जेवढा उजेड येत होता तेवढ्यात ओट्यापाशी उभी राहून पातेल्यातून जेवले. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही.

दुकानात पडदा शिवायला घेतला तेव्हा डोक्यात नाही नाही ते आलं. अस्तर जरा विरळ लावावं. रुंदीला कापड थोडं कमी घ्यावं, म्हणजे मध्ये बोटभर फट राहील आणि कुणाला कळणारही नाही. पण हात ऐकेनात. या मशीनवर सासऱ्यांनी काम केलं, नवऱ्याने केलं, लबाडीची शिलाई तिला माहीतच नाही. पडदा चोख झाला. एवढा चोख पडदा मी वर्षभरात शिवला नव्हता. त्या रविवारी मुलीचं पालुपद सुरू झालं तेव्हा मी पहिल्यांदाच "बघू" म्हणाले. ती लगेच माझ्यासाठी ठेवलेल्या खोलीत कपाट कुठे आहे, पलंग कुठल्या बाजूला आहे, हे घाईघाईने सांगायला लागली. खिडकीतून काय दिसतं ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पडदा लावायला गेले तर नर्सबाईंचा चेहरा उतरलेला. मी शिडी मांडली, दांडा बसवला आणि एकेक कडी ओवायला लागले. त्या खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"ताई, ती बाई दिसत नाही हल्ली," त्या म्हणाल्या.

कोण, असं मी विचारलं. विचारताना मला माझाच राग आला.

त्या सांगत राहिल्या. तुम्ही माप घेऊन गेलात त्या दिवसापासून दिसली नाही. टेबलही नाही, दिवाही नाही. रोज वाट बघते, माझं जेवण गार होऊन जातं. इस्पितळात जन्म काढलाय, माणसाने जेवण सोडलं की पुढचं कळतं. भिंतीपलीकडे ओळखीचं कुणी नाही, चौकशी करायची तरी कुणाकडे, आणि कुणाची म्हणून करायची? नावसुद्धा माहीत नाही.

"गेली असेल का हो?" त्यांनी विचारलं.

मी शिडीवर उभी होते, हातात कडी होती. मी म्हटलं, मग पडदा कशाला लावताय, आता तर बघायला समोर कुणी नाही.

"म्हणूनच लावा. ती होती तेव्हा एक वेळ चाललं असतं. ही रिकामी खिडकी त्याहून वाईट आहे."

मी खाली उतरले. मी आहे, एवढंच सांगायचं होतं. ओठांपर्यंत आलं होतं. पण नुकतंच आपल्याला मेलेलं धरणाऱ्या माणसाला हे कसं सांगतात ते मला माहीत नव्हतं, आणि सांगितल्यावर त्या ओशाळल्या असत्या, चहाचा आग्रह केला असता, मी नको म्हटलं असतं आणि सगळं तिथेच संपलं असतं. तेव्हा माझ्या तोंडून धंदाच बोलला.

"नवा पडदा आहे. रोज दिवेलागणीला पूर्ण उघडायचा, थोडा वेळ तसाच ठेवायचा, मग लावायचा. नाहीतर चुण्या बसत नाहीत."

"असं असतं?"

"असंच असतं."

"किती दिवस करायचं हे?"

"बसेपर्यंत," मी म्हटलं.

सासरे असते तर त्यांनी मला दुकानाबाहेर काढलं असतं. चुण्या बांधून ठेवल्या की आपल्या आपण बसतात, त्यांना दिवेलागणी कळत नाही.

चौकाचा वळसा घालून घरी आले ती तडक टेबलाकडे गेले. ते ओढून खिडकीशी आणलं. पाठीमागचा दिवा काढून टेबलावर ठेवला, उजेड थेट तोंडावर येईल असा. ताट वाढून घेतलं. कामावरचा चष्मा लावला आणि टेपही गळ्यात अडकवली, माप घेताना असते तशी. एवढं करून खुर्चीत बसले तेव्हा माझं मलाच खुळ्यासारखं वाटलं. समोर माझाच पडदा होता, गच्च. कुठूनही उजेड फुटत नव्हता.

दिवेलागण झाली. पडदा उघडला.

नर्सबाई दोरी धरून उभ्या होत्या. त्यांनी बघितलं आणि त्यांचा हात दोरीवरच राहिला. चष्मा, टेप, ताट, सगळं त्यांनी बघितलं असणार. मी हसायला हवं होतं, पण मला हसता आलं नाही. घास हातात धरून मी नुसती बसून राहिले. मग त्यांनी पडदा लावून टाकला.

मी घास ताटात ठेवला. संपलं, असं वाटलं. लपून बघणारी बाई, वर खोटं बोलून पडदा उघडायला लावणारी. त्यांच्या जागी मी असते तर मीही लावला असता. मुलीला रविवारपर्यंत थांबवायला नको, आजच फोन करावा, दुकानाचं काय करायचं ते बघावं. मी दिवा मालवायला हात पुढे केला.

तेवढ्यात पडदा पुन्हा उघडला. त्यांनी खुर्ची ओढली, ताट आणून ठेवलं. मग आत गेल्या आणि दिवा घेऊन आल्या, तो पाठीमागे न ठेवता समोर ठेवला. त्यांचा चेहरा मी त्या खिडकीत पहिल्यांदाच बघितला. डोळे पुसून झालेले होते. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, ताटाकडे बघत होत्या. त्यांनी घास घेतला. मग मी घेतला. मधल्या बोळातून आवाज जात नाही, आणि गेला असता तरी आम्ही काही बोललो नसतो.

जेवण झाल्यावर त्या उठल्या आणि मी सांगितलं होतं तसा पडदा लावून घेतला. मी बराच वेळ तिथेच बसून राहिले. घर पहिल्यासारखंच रिकामं होतं, आणि उद्याची दिवेलागण लांब होती. पण चुण्या अजून बसायच्या होत्या.