तिसऱ्यांदा विचारल्यावर

महास्थविर सुमतिकीर्तींनी पहिल्यांदा विचारलं, तेव्हा बोधिसेनाने चिवराचं टोक मुठीत आवळलं.

"द्वारपंडित जयगुप्तांना विहाराबाहेर घालवावं, असा ठराव आहे. मान्य असेल त्याने गप्प राहावं. नसेल त्याने बोलावं. तीनदा विचारीन; एकजण जरी बोलला, तरी ठराव पडेल."

सगळा संघ मूग गिळून बसला. अमात्याच्या भाच्याला दारावरच्या परीक्षेत एकही उत्तर आलं नाही, म्हणून जयगुप्तांनी त्याला परत पाठवलं, एवढाच त्यांचा अपराध. अमात्याने लगेच गावांकडून येणारा तांदूळ अडवला. वादसभेत शब्दाचा कीस पाडणारे विद्वान चार दिवसांच्या पातळ पेजेने गार पडले होते.

जयगुप्त खांबाशी बसले होते. भिक्षापात्र त्यांनी आधीच झोळीत भरलं होतं.

ते पाहून बोधिसेनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो बोलताना अडखळायचा. त्याच्या परीक्षेच्या दिवशी एक उत्तर सांगून व्हायला दुपार झाली, मागची रांग कुरकुरली. पण जयगुप्तांनी त्याचा एकही शब्द स्वतः पुरा केला नव्हता. वाट पाहिली होती.

दुसऱ्यांदा विचारणा झाली. बोधिसेन उठून उभा राहिला.

"म... म... म..."

"बस रे खाली," शेजारचा श्रीभद्र कुजबुजला. "तुझं बोलून होईस्तोवर जेवणाची वेळ टळेल."

दोघं-तिघं हसले. महास्थविरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि तिसऱ्यांदा, शेवटचं विचारलं.

बोधिसेनाने डोळे मिटले. वंदना म्हणताना त्याची जीभ कधीच अडत नसे. त्याच चालीत, मंडप दणाणून सोडत त्याने गळा मोकळा केला.

"मला मान्य नाही, भंते, मला मान्य नाही! चुकीचं नाही केलं त्यांनी, मला मान्य नाही!"

"सभेत गातोस? लाज आहे का?" महास्थविर ओरडले.

तो थांबला नाही. पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागला. अखेर महास्थविरांनी हात वर केला.

"पुरे. संघ गप्प नाही. आज ठराव पडला. उद्या पुन्हा मांडू."

"उ... उ..."

जेवणाची घंटा वाजली. श्रीभद्र अर्धवट उठला होता, तो परत बसला. कुणी हसलं नाही, कुणी शब्द पुरा केला नाही. सगळे थांबले होते.

"उ... उद्याही गाईन," बोधिसेन म्हणाला.