सकाळी सहाची प्रार्थना

चष्मेवाल्याच्या दुकानात आरशाच्या कोपऱ्यात पंज्याएवढी एक पट्टी चिकटवलेली होती. ‘प्रार्थना हवी आहे? आम्हाला लिहा’ आणि खाली मोबाईलने टिपायचा क्यूआर कोडचा चौकोन. तो टिपला की प्रार्थनेचं पेज उघडायचं; ते कोणाचं, हे लिहिलेलं नव्हतं. देवाच्या कामात आपलं नाव कशाला, असं ते चालवणारा चष्मेवाला म्हणायचा. पण एका रविवारी चर्चमध्ये पाळकांनी सगळ्या मंडळीसमोर त्याला उभं केलं आणि ‘हा आपला भाऊ दुकानात बसून हजारो घरांत प्रभूचं वचन पोचवतो’ असं सांगितलं, तेव्हा त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलंच.

सुरुवात खोटी नव्हती, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. पहिला महिनाभर दिवसाला आठ-दहा निरोप यायचे. ते तो एका वहीत उतरवून घ्यायचा आणि सकाळी सहाला गुडघे टेकून एकेक नाव देवाच्या कानावर घालायचा. मग पेज वाढलं. निरोप शेकड्यांनी यायला लागले, गुडघे दुखायला लागले आणि वही काउंटरच्या खणात जाऊन पडली. एका रिकाम्या दुपारी त्याने एक मजकूर तयार करून ठेवला. कोणी काही लिहिलं की तो आपोआप जायचा: ‘तुमचा निरोप वाचला. रोज सकाळी सहा वाजता गुडघे टेकून तुमच्यासाठी प्रार्थना करतो. धीर धरा, चांगली बातमी लवकरच येईल.’ मजकूर त्याला फार आवडला होता. बायकोला त्याने तो दोनदा वाचून दाखवला.

बायको म्हणाली, “सहाला तुम्ही घोरत असता, हे त्या लोकांना कळायचं नाही. पण ज्याच्याशी बोलल्याचं सांगता, त्याला तर कळतं ना?”

“अगं, भावना महत्त्वाची,” तो म्हणाला. बायकोने पांघरुणाची घडी जरा जोरात घातली.

आणि मग एका दुपारी बाइंडरची बायको दुकानात आली. पुस्तकं बांधणारा तो बाइंडर जुनं गिऱ्हाईक. काचा जाड, स्वभाव त्याहून जाड. चष्म्याची उजवी काडी निखळली, तर स्क्रू बसवू न देता त्याने ती मेणाच्या दोऱ्याने स्वतःच बांधली होती. “माझी शिवण तुमच्या स्क्रूपेक्षा जास्त टिकेल,” म्हणाला होता. तोच चष्मा काकूंनी रुमालातून काढून काउंटरवर ठेवला.

“काका कसे आहेत?”

“गेले. दोन आठवडे झाले.” काकूंनी रुमालाची घडी घातली. “हा स्वच्छ करून चांगल्या डबीत घालून द्या, दादा. एकाला पाठवायचाय.”

“कोणाला?”

काकूंनी आरशाकडे बोट केलं. “त्या बंधूंना.”

चष्मेवाल्याचा हात पुसायच्या कापडावरच थांबला.

“मी काही तुमच्या धर्मातली नाही,” काकू सांगू लागल्या. “मागच्या वेळी यांच्या काचा न्यायला आले, तेव्हा ही पट्टी पाहिली. डॉक्टरांनी हात टेकले होते, म्हटलं, लिहून बघू. तर दुसऱ्या मिनिटाला उत्तर! आपल्यासाठी कोणी अनोळखी माणूस गुडघे टेकतो, हे यांना इतकं वाटलं... मला म्हणाले, तो माणूस सहाला उठतो, तर आपण लोळत पडायचं का? तेव्हापासून मी सहाला उठून यांना उशीला टेकवून बसवायची. त्रेचाळीस दिवस बसलो आम्ही. मग ते गेले. त्या दिवशीही मी लिहिलं. हे बघा.”

त्यांनी मोबाईल पुढे धरला. ‘बंधू, आज हे गेले.’ आणि खाली त्याचाच आवडता मजकूर, शेवटच्या वाक्यासकट: ‘धीर धरा, चांगली बातमी लवकरच येईल.’

त्याला मोबाईल हातात धरवेना आणि परतही देववेना.

“राग नाही आला तुम्हाला?” त्याने कसंबसं विचारलं.

“आला की! दिवसभर जळत होते. मग म्हटलं, जो माणूस त्रेचाळीस दिवस आपल्यासाठी उठतो, तो असं मुद्दाम लिहील? त्यांना दिसत नसणार हो. म्हातारे असतील बिचारे. यांचंही शेवटी तसंच झालं होतं, चाचपडत पानं शिवायचे. नंबर नाही जुळला तर फ्रेम तरी उपयोगी पडेल.”

“काकू, त्यांना फार निरोप येत असतील... सगळेच काही...”

“तेच म्हणते मी,” काकूंनी त्यालाच समजावलं. “एवढ्या लोकांसाठी एकटा माणूस. डोळ्यांचं काय होणार?”

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्याला त्या क्षणी नीट कळत होतं. चष्मा डबीत घालायचा, संध्याकाळी पेजवरून दोन ओळी आभाराच्या पाठवायच्या. कोणाला पत्ता लागला नसता. त्याने काचा पुसल्या, नवी डबी काढली. ‘पोचवतो मी’ असं म्हणूनही गेला.

“देव तुमचं भलं करो,” काकू उठल्या. “आणि त्यांना सांगा, मी अजून सहाला उठते. आता यांच्यासाठी काय मागायचं कळत नाही. पण ते उठलेले असतील, म्हणून उठते.”

“काकू, बसा,” तो म्हणाला. “ते पेज माझं आहे.”

आणि काकूंचा चेहरा उजळला! राग सोडा, शंकासुद्धा नाही. त्यांनी काउंटरवरून त्याचे दोन्ही हात धरले. “तुम्ही? अहो, मग इतका वेळ बोलला का नाहीत?” धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं, असं त्याला वाटलं. अर्धं खरं सांगून तो अधिकच मोठा चोर झाला होता.

“मी उठत नाही, काकू,” तो म्हणाला. “ते उत्तर मोबाईल आपोआप पाठवतो. सगळ्यांना तेच जातं. तुमचा एकही निरोप मी वाचलेला नाही.”

“आणि सहा वाजता?”

“झोपलेलो असतो.”

काकूंनी हात सोडले. झटकले नाहीत, अगदी हळू सोडले.

“म्हणजे खोलीत आम्ही दोघंच होतो,” त्या म्हणाल्या.

त्यांनी चार शिव्या द्याव्यात, असं त्याला मनापासून वाटत होतं. त्यांनी फक्त मोबाईल घेतला आणि डबी त्याच्याकडे सरकवली. “हा ठेवा तुम्हीच. बंधूंनाच द्यायचा होता ना.” पायरी उतरताना त्या एकदा अडखळल्या. तो धरायला पुढे झाला, पण धरायचं धाडस झालं नाही.

त्याने शटर अर्धं खाली ओढलं, आरशावरची पट्टी नखाने खरवडून काढली आणि काकूंचे निरोप पहिल्यापासून वाचायला बसला.

‘बंधू, आज यांनी दोन घास खाल्ले.’ खाली त्याचा मजकूर. ‘बंधू, हे विचारतात, तुमच्याकडे सहाला उजाडतं का?’ खाली तोच मजकूर. नवव्या दिवशी लिहिलं होतं: ‘तुम्ही एवढ्यांसाठी मागता, तुमच्यासाठी कोण मागत असेल? आजपासून आम्ही दोघं मागतो. तुमच्यासारखं बोलता येत नाही, जसं येतं तसं.’ त्यानंतर रोजच्या निरोपाच्या शेवटी एक ओळ होतीच, तुमच्यासाठीही मागितलं. नवरा गेला त्या दिवशी तेवढी ती नव्हती. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा होती.

शेवटचा निरोप त्याच दिवशी सकाळचा, सहा वाजून दहा मिनिटांनी आलेला.

‘बंधू, आज तुमच्या डोळ्यांसाठी मागितलं.’

आणि त्याखाली, त्याच मिनिटाला गेलेलं त्याचं उत्तर: ‘तुमचा निरोप वाचला.’