न हसण्याची स्पर्धा

गुरुवारी सकाळी ज्ञानेश्वरी ओसरीवर पुठ्ठ्याच्या टोप्या कापत बसली होती. शाळेत आनंद सप्ताह चालला होता. सोमवारी मुलांचा बाजार भरला, तेव्हा दुसरीतल्या एका पोराने स्वतःच्याच आईला मेथीची जुडी चढ्या भावाने विकली. बुधवारी पोत्यातल्या शर्यतीत मुख्याध्यापक आप्पासाहेब सर स्वतः पोत्यात उतरले आणि तिसऱ्या उडीला आडवे झाले. अख्खी वाडी हसून बेजार होती. आज आजी-आजोबांचा दिवस. हे सगळं जुळवून आणणारी तिथली शिक्षिका ज्ञानेश्वरीच. माहेरच्या गावात बदली झाल्यापासून ती आईवडलांजवळच राहत होती.

तिची आई, मालनबाई, चुलीपुढून उठून दारात आली.

"ज्ञानू, रातच्यापासनं छातीत कसंनुसं हुतंय. ह्यो हात बी जड पडलाय."

"पित्त असेल. काल शिळं खाल्लंस ना?"

"पित्त न्हाई वाटत गं. मिरजगावला डॉक्टरला दावून येऊ का?"

कात्री टोपीच्या टोकाशी आली होती. ज्ञानेश्वरीने मान वर केली नाही. "आत्ता नको आई, शनिवारी बघू. आठवडा तेवढा उरकू दे. फडताळात पित्ताची पुडी आहे बघ. आणि दुपारी शाळेत यायचंय हं, तुझ्यावाचून कसली स्पर्धा?"

"येते की," मालनबाई म्हणाली आणि पुडी शोधायला आत गेली. वडील, रामहरी, तेव्हा गोठ्यात धार काढत होते. हे बोलणं त्यांच्या कानावर गेलंच नाही.

स्पर्धा होती न हसण्याची. खुर्चीवर आजी किंवा आजोबा बसणार, पोरं समोर येऊन नाना चाळे करणार, जो हसला तो बाद. मालनबाईचं नाव या बाबतीत गावात गाजलेलं होतं. एका वरातीत नवरदेव घोड्यावरून थेट बँडवाल्याच्या ढोलावर पडला, तरी हिच्या ओठाला मुरड पडली नव्हती, असं लोक सांगत.

शेजारच्या दगडाबाई पहिल्याच माकडउडीला फिस्सकन हसल्या.

"नाव दगडाबाई, आन पाझरली लगीच!" मालनबाई म्हणाली. स्वतः मात्र खुर्चीवर खांबासारखी बसून राहिली. कोंबडा आरवला, गाढव लोळलं, एका पोराने बुवा होऊन तिचा हात पाहिला आणि अजून दोन लग्नं आहेत म्हणून सांगितलं. मालनबाई ढिम्म.

मग तिसरीतली इन्शा आली. खांद्यावर ओढणीचा पदर, डोळ्यांवर तारेचा चष्मा, हातात पट्टी. ती आठवडाभर सगळ्यांना एकच उत्तर देणारी ज्ञानेश्वरी मॅडम झाली होती. बाकीची पोरं तिच्याभोवती जमली.

"मॅडम, माझी पेन्सिल हरवली!"

"आत्ता नको, शनिवारी बघू."

"मॅडम, यानं चिमटा काढला!"

"आत्ता नको, शनिवारी बघू."

"मॅडम, शाळेला आग लागली!"

"तिला म्हणावं, आत्ता नको..." इन्शाने पट्टी उगारली, आणि सगळं पटांगण ओरडलं, "शनिवारी बघू!"

मालनबाईने एकदा लेकीकडे पाहिलं आणि ती हसली. हसली म्हणजे बांध फुटल्यासारखी. एका हाताने पदर तोंडाशी, दुसरा हात छातीवर. पोरांनी जल्लोष केला. आप्पासाहेब सरांनी मोबाईलवर फोटो टिपला. ज्ञानेश्वरीही हसली. हसू ओसरल्यावरही तो हात छातीवरून खाली आला नाही, हे तिने पाहिलं. मालनबाईने लांबूनच मान हलवली, काही नाही म्हणून.

शुक्रवारी सकाळी रामहरी उठले तेव्हा चूल पेटलेली नव्हती. बायको शेजारी तशीच निजलेली. हलवून पाहिलं, तर अंग गार.

डॉक्टर आले. "आधी काही त्रास सांगितला होता का?"

सगळ्यांनी ज्ञानेश्वरीकडे पाहिलं. शिकलेली ती.

"नाही," ती म्हणाली. "कुणालाच काही बोलली नाही."

गावाला ते पटलं. मालनबाईचा स्वभावच तसा, लोक म्हणाले, पोटातलं ओठावर येऊ द्यायची नाही. रामहरींनी मात्र ते वेगळंच मनाला लावून घेतलं. येईल त्याला सांगायचे, "शेजारी निजलो हुतो. हातभर अंतर. ती गेली, आन म्या घोरत पडलो." त्यांनी खाट गोठ्यात नेली. ताटातली भाकरी अर्धी राहू लागली, मग पाऊण. ज्ञानेश्वरी रोज वाढायला बसे. रोज एक वाक्य घशापर्यंत येई आणि तिथूनच माघारी फिरे. तेरावं झालं, तरी ते आतच होतं.

शाळेतला आठवडा अर्धाच राहिला होता. "पोरं विचारत्यात, मॅडम, आपला शनिवार कधी येणार?" आप्पासाहेब सर म्हणाले, आणि शेवटी एका शनिवारी बक्षीस समारंभ ठरला. रामहरींना आग्रहाने आणून बसवलं. सरांनी त्यांच्या हातात फ्रेम केलेला फोटो दिला. मालनबाई हसत होती, हात छातीवर.

"बघा, कशी हसतीय," रामहरी काचेवरून बोट फिरवत म्हणाले. "आदल्या दिशी चांगली ठणठणीत हुती की."

मालनबाईला हसवल्याचं बक्षीस इन्शाचं होतं. ज्ञानेश्वरी कंपासपेटी घेऊन उभी राहिली. इन्शा जागची हलेना. तिच्या आईने, बानूने, तिला पुढे ढकललं. "जा की गं, मॅडम थांबल्यात."

"मला नको बक्षीस," इन्शा म्हणाली आणि रडू लागली. "आजी माझ्यामुळं मेली. मी लई हसवलं. त्यांनी छातीला हात लावला हुता, मी बघितलं."

रामहरींनी तिला जवळ ओढलं. "न्हाई बाळा, तुझं काय न्हाई त्यात. चूक माझी हाय. म्या शेजारी असून..."

ज्ञानेश्वरीच्या हातात कंपासपेटी तशीच राहिली. जे तिचं एकटीचं होतं, ते एक म्हातारा आणि एक लहान पोर तिच्यासमोर वाटून घेत होते.

"तात्या," ती वडलांना म्हणाली. "चूक हिची नाही. तुमचीही नाही. आई मला बोलली होती."

रामहरींनी वर पाहिलं.

"गुरुवारी सकाळी. छातीत कसंनुसं होतंय म्हणाली, हात जड पडलाय म्हणाली. मिरजगावला डॉक्टरला दावून येऊ का, असं विचारलं तिनं मला. मी टोप्या कापत होते. मान वर करून बघितलंसुद्धा नाही. मी म्हणाले, आत्ता नको..."

ती थांबली. या खेपेला पुढचं कुणी ओरडलं नाही. ते तिलाच म्हणावं लागलं.

"शनिवारी बघू."