मनगटावरचा पट्टा आणि आंबिलीचं बिंदगं

मित्रांनो, मी एक जुना मनगटी पट्टा आहे. दिसतो घड्याळासारखा, पण नुसती वेळ सांगणं मला कमीपणाचं वाटतं. पावलं मोजायची, नाडीचे ठोके टिपायचे आणि अंगातल्या किती कॅलरी जळल्या ते सांगायचं, ही माझी कामं. आज माझ्या काचेला तडा गेला आहे आणि चार्जिंग दुपारपर्यंत जेमतेम पुरतं. तरी माझी कीव करू नका. माझ्या वाट्याला जो दिवस आला, तो दुकानातल्या नव्याकोऱ्या पट्ट्यांच्या स्वप्नातही नसेल.

कारखान्यात माझ्या पोटात हालचाल ओळखणारा एक इवलासा तुकडा बसवला आणि पाठीला हिरवा दिवा लावला. त्या दिव्याच्या उजेडात मी कातडीखालचं रक्त पाहतो आणि ठोके मोजतो. कॅलरीचं म्हणाल, तर तो सगळा अंदाज! वय, उंची, वजन, ठोके आणि हाताचं हलणं यांवरून मी आकडा बांधतो. माझ्या डब्यातल्या कागदावर हे बारीक अक्षरात छापलेलं होतं. तो कागद कोणीही वाचला नाही. लातूरच्या दुकानातून शिल्पावहिनींनी मला घेतलं आणि औशाला नेऊन सासूबाईंच्या मनगटावर बांधलं.

सासूबाईंचं नाव साखराबाई. साठी उलटलेली, आवाज खणखणीत. वेळा अमावस्येला, म्हणजे आमच्याकडच्या येळवशीला, आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन चालत शेतात न्यायचं, अशी या घरची रीत. त्या मडक्याला बिंदगं म्हणतात. सून म्हणून घरात आल्यापासून तो मान साखराबाईंचा होता. पण मी घरात येण्याआधीच्या येळवशीला वाटेतच त्यांना दम लागला. त्या बांधावर बसल्या आणि बिंदगं दुसऱ्यानं उचललं. तपासणीत साखर वाढलेली निघाली, वजनही. मुलगा रामलिंग म्हणाला, "औंदापासून बिंदगं जीपमधून जाईल." साखराबाईंच्या ते फार जिव्हारी लागलं. डॉक्टर विशाखा मात्र म्हणाल्या, "रोज चाला. येळवशीच्या आधी तपासू, मग ठरवू."

तेव्हापासून माझा भाव वधारला. रामलिंग मोंढ्यात धान्याच्या काट्यावर बसणारा माणूस. काट्यावर आकडा आला की वाद मिटला, हा त्याचा धर्म. मलाही तो काटाच समजला. रोज सकाळी माझा आकडा बघून खूश व्हायचा. "आई, दिवस उगवायच्या आत एवढं चालून आलीस?" साखराबाई गोंधळायच्या, कारण त्या चुलीपुढून उठलेल्याच नसायच्या. घरादाराच्या भाकरी थापत असायच्या. हात धपाधप हलायचे आणि मी चालणं मोजत बसायचो. त्या भाकरींचं कौतुक मी फुकटात खाल्लं. खरं चालणं त्या रोज संध्याकाळी, शेताच्या वाटेनं करायच्या.

येळवस जवळ आली तशी साखराबाईंनी सरावाला सुरुवात केली. पाण्यानं भरलेला माठ डोक्यावर, दोन्ही हात वर माठाला धरलेले. औशाच्या किल्ल्याच्या बाजूनं शेतापर्यंत जायचं आणि यायचं. परतल्या तेव्हा चेहरा घामानं निथळत होता आणि डोळ्यांत नुसता आनंद. रामलिंगनं माझा पडदा पाहिला. हात हललेच नव्हते, तर मी काय मोजणार? पावलं नावाला, कॅलरी त्याहून नावाला.

"आई, देवळात बसून आलीस व्हय? खोटं कशाला बोलायलीस? काटा खोटं बोलत न्हाई."

"आन् म्या बोलते?" साखराबाईंचा आवाज पहिल्यांदाच चिरकला. त्यांनी मला मनगटावरून ओढून भिंतीतल्या देवळीत टाकलं. दुसऱ्या दिवशी त्या चालायला गेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मित्रांनो, माझ्या तोंडाला बोलण्याची सोय असती, तर मी त्या देवळीतून बोंब ठोकली असती!

शिल्पावहिनींना ते बघवेना. त्या म्हणाल्या, "आत्याबाई, एकदा माझ्याबरोबर चला. पट्टा मी घालते." जाताना त्यांनी डोक्यावर माठ घेतला, येताना तो साखराबाईंकडे दिला आणि स्वतः हात हलवत आल्या. वाट तीच, बाई तीच, आणि माझे आकडे मात्र जाताना एक, येताना भलतेच. घरी येऊन त्यांनी नवऱ्यापुढे हात केला. "बघा तुमचा काटा. ह्याला डोक्यावरचं वझं दिसत न्हाई, हात तेवढे दिसतेत."

रामलिंगनं दोन्ही आकडे ताडून पाहिले. मग तो स्वतः आईला डॉक्टरांकडे घेऊन गेला.

डॉक्टर हसल्या. "कॅलरीचा आकडा बघून जेवण ठरवू नका, तो ढोबळ असतो. पट्टा उपयोगाचा आहे तो वेगळ्या कामाला. चालून बसल्यावर ठोके किती लवकर खाली येतात ते बघा. आणि चालताना बोलता येतंय का, तेही." त्यांनी सगळं तपासलं. साखर उतरली होती, वजनही. माझ्यात साठलेले कैक महिन्यांचे ठोके त्यांनी निरखले. त्याच वाटेनंतर ते आता पूर्वीपेक्षा कितीतरी लवकर शांत होत होते. हे माझं खरं काम, मित्रांनो, आणि ते मी चोख केलं होतं! "न्या बिंदगं," डॉक्टर म्हणाल्या.

येळवशीच्या सकाळी साखराबाईंनी कोरं लुगडं नेसलं, मला पुन्हा मनगटावर बांधलं, रंगवलेलं बिंदगं डोक्यावर घेतलं आणि निघाल्या. जीप घरीच उभी राहिली. वाटभर त्यांचं तोंड थांबलं नाही. हरभरा कुणाचा चांगला, बाजरीचे उंडे कुणी जास्त उकडले, रामलिंग लहानपणी कुठल्या बांधावर पडला होता, सगळं सांगून झालं. गेल्या वर्षी जिथं बसल्या होत्या त्या बांधाजवळ रामलिंगचा पाय अडखळला. साखराबाईंनी मान न हलवता विचारलं, "दमलास व्हय रं?" आणि त्या पुढे निघून गेल्या.

शेतात पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीपुढे बिंदगं उतरलं तेव्हा आंबिलीचा थेंबसुद्धा सांडला नव्हता. सगळा गोतावळा आनंदानं ओरडत होता. रामलिंगनं आईचा हात हातात घेतला. पडद्यावर पावलं अगदी किरकोळ होती. ठोके मात्र खाली येत होते, भराभर, अगदी हवे तसे. त्यानं मला हातानं झाकलं आणि तो आईच्या पाया पडला. "माझंच चुकलं, आई."

"ऊठ, जेवायला बस," साखराबाई म्हणाल्या, आणि आंबील वाढताना ती मला बांधलेल्या हातावरच सांडून मोठ्यानं हसल्या.

तर मित्रांनो, मला जपा. घाम पुसून ठेवा, वेळेवर चार्ज करा, मनगटावर नीट बसवा. मी तुम्हाला उठवीन, चालवीन, ठोके सांगीन. पण घरातलं माणूस दमून येऊन "मी चालून आले" म्हणालं, तर आधी त्याच्या तोंडाकडे बघा. माझ्याकडे नंतर बघितलं तरी चालेल.