पाचापुढचं शून्य

रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. अमेरिकेतल्या डॉक्टरांचं बोलणं ऐकून टाइप करणारं एक ऑफिस तिथे उघडलं होतं. टाइप झालेली प्रत्येक फाइल वनमाला तपासायची, आणि चूक दिसली की तिचं डोकं भडकायचं.

"काहून लिहिलं हे शून्य?" तिनं नव्या देवश्रीला विचारलं. स्क्रीनवर गोळीचं माप होतं, ५.० मिलिग्रॅम.

"दीदी, डॉक्टर ने यही बोला है."

"बोलू दे. आपण नुसतं पाच लिहायचं. थांब, तुले दाखवते."

वनमालानं तो कागद छापला, फॅक्स मशीनवर त्याची कॉपी काढली, मग त्या कॉपीची कॉपी. तिसऱ्या कागदावर टिंब पार उडालं होतं.

"आता वाच."

"पचास," देवश्री हळूच म्हणाली.

दहापट औषध! पोट्टीच्या डोक्यात एकदाचं शिरलं म्हणून वनमालाला बरं वाटलं. पण देवश्री जागची हलेना.

"दीदी, कल मेरी छह फाइलें ऐसे ही गईं. वापस मँगा सकते हैं क्या?"

"मी तपासल्याबिगर इथून काही जात नाही," म्हणत वनमालानं ठसक्यात कालची यादी उघडली.

सहाही फाइलींपुढे तिचीच सही होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वेळेवर पोचायचं म्हणून तिनं त्या न वाचताच पुढे सारल्या होत्या. वाणाची डबी अजून पर्समध्येच होती.

देवश्रीनं फोनकडे हात नेला, तोवर वनमालानं नागपूरच्या मुख्य ऑफिसचा नंबर फिरवलाही होता.

"सहाही फाइली परत मागवा. आणि चुकीपुढे टाइप करणारीचं नाव नका लिहू," ती सांगत होती, "तपासणारीचं लिहा."