पेढ्यांची रिकामी खोकी

रविवारी सकाळी सात वाजता तुकोजीराव शिर्के न्हाणीघराच्या दारातल्या वजनकाट्यावर उभे राहिले, आणि काट्याने मागच्या रविवारचाच आकडा पुन्हा दाखवला. एकोणनव्वद. त्यांनी चष्मा पुसून परत लावला. बनियन काढून खुंटीला अडकवला. श्वास रोखून पाहिला. काटा आपला जागच्या जागी.

"किती?" स्वयंपाकघरातून निरुपमाबाईंनी विचारलं.

"तेवढंच."

"नऊ आठवडे झाले हो! आणि काडीचा फरक नाही?"

तुकोजीरावांनी बनियन परत चढवला. खरं तर बोलायचाही त्यांना कंटाळा आला होता. नऊ आठवडे त्यांनी बिनसाखरेचा चहा घशाखाली ढकलला होता. भात सोडला होता. रात्री दुधीची भाजी आणि दोन कोरड्या पोळ्या खाऊन, सकाळी बडोद्यातल्या वासण्याच्या रस्त्यावर तासभर पाय ओढत होते. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाने याहून आणखी काय करायचं?

पण करणं भाग होतं. डॉक्टरांनी जानेवारीतच स्पष्ट सांगितलं होतं, "साखर अगदी काठावर आहे, शिर्के. तीन महिन्यांत चार-पाच किलो तरी उतरवा, नाहीतर गोळ्या सुरू करू." साखर म्हणजे काय, हे तुकोजीरावांना कुणी सांगायला नको होतं. त्यांच्या आई, जिजाबाई, साखरेनेच गेल्या. शेवटची दोन वर्षं त्यांना दिसत नव्हतं, लेकाला आवाजावरून ओळखायच्या.

म्हणूनच पथ्य सुरू केलं तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी रविवारवर सुरी चालवली.

हा रविवार काय होता, ते सांगितलं पाहिजे. तुकोजीरावांचे वडील दत्ताजीराव, घरातले आबा, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. आबांचे वडील बडोद्याच्या संस्थानी फौजेत घोडदळात होते, त्यामुळे वेळ म्हणजे वेळ. गेली तीस वर्षं दर रविवारी पावणेसातला इस्त्रीचा सदरा आणि काळी टोपी घालून आबा तयार असायचे. मग स्कूटरवर मागे बसून जुन्या शहरात मांडवीला जायचं, ठरलेल्या फरसाणवाल्याच्या बाकावर बसायचं आणि एक प्लेट फाफडा, कच्च्या पपईचा किसलेला संभारो, तळलेल्या मिरच्या आणि शंभर ग्रॅम गरम जिलबी बापलेकांनी वाटून खायची. जिजाबाई गेल्यापासून आबांचं घराबाहेर पडणं तेवढंच उरलं होतं.

"आबा, आता हे बंद करावं लागेल," तुकोजीराव म्हणाले होते. "पथ्य म्हणजे पथ्य. एकदा सूट घेतली की संपलंच."

"बरं," आबा म्हणाले. "तुझी तब्येत महत्त्वाची."

"तुमच्यापुरतं बांधून आणू का?"

"नको. एकट्याला काय जातंय."

विषय संपला. आता रविवारी आबा ओट्यावरच्या झोपाळ्यावर चुरगळलेल्या विजारीत बसून राहत. टोपी खुंटीवरच असे.

सोमवारी तुकोजीराव गोरव्याच्या कारखान्यात गेले. तिथे ते स्टोअरचे प्रमुख होते, आणि स्टोअर होतं फाटकाला लागून. कारखान्यात जे काही येई ते आधी त्यांच्या टेबलावर येई. नट येत, बोल्ट येत, बेअरिंगं येत, आणि पेढेही येत!

साल शहाण्णव. बाजार खुला झाला होता आणि मध्यमवर्गाच्या घरात रोज काहीतरी नवं शिरत होतं. पूर्वी पेढे कधी मिळायचे? बारशाला, नाहीतर मुलगा पास झाला तर. आता फोन आला, पेढे. रंगीत टीव्ही आला, पेढे. केबल जोडलं, पेढे. कुणाच्या भाच्याला परदेशाचा व्हिसा मिळाला, त्याचे तर काजूकतलीचे डबे! त्या सोमवारी मशीनशॉपचे नटुभाई हसतच दारात उभे राहिले.

"शिर्केभाई, घेर फोन आवी गयो! सहा वर्षांनी नंबर लागला. मों मीठुं करो."

"नटुभाई, माझं पथ्य चालू आहे."

"अरे, पेंडामां ना न पडाय! पेढ्याला कुणी नाही म्हणतं का? मारा सम!"

शपथच घातली, मग काय करणार? तुकोजीरावांनी एक पेढा घेतला. दुसरा नटुभाईंच्या घरच्यांच्या नावाने तोंडाजवळ आला. तोही गेला. गंमत अशी, की हे खाणं तुकोजीरावांच्या हिशेबी खाणंच नव्हतं. ती माणुसकी होती. आपण कुठे मागितलं? समोरच्याने प्रेमाने दिलं, त्याचं मन राखलं. खाणं म्हणजे रविवारचा फाफडा. तो तर त्यांनी सोडला होता!

पेढे बहुतेक त्यांच्या टेबलावरच वाटून संपत, आणि रिकामं खोकं टाकून देणं त्यांच्या जिवावर यायचं. खोकं पुसून ते त्यात वॉशर, स्क्रू, पिना भरत, आणि हाडाचे स्टोअरकीपर असल्यामुळे खोक्यावर वळणदार अक्षरात माल आणि तारीख घालत. नटुभाईंचं खोकंही त्यांनी त्याच दुपारी भरून रॅकवर चढवलं.

तेवढ्यात डिस्पॅचच्या सरोजिनीबाई पेट्यांसाठी खिळे न्यायला आल्या. छप्पन्न वर्षांच्या, सडसडीत, बोलायला तिखट. अकरा वर्षं साखरेचं दुखणं सांभाळून होत्या, आणि सबंध कारखान्यात त्यांच्यापुढे खोकं धरायची कुणाची छाती नव्हती.

"काय शिर्के, तोंड का उतरलंय?"

"थकलो हो सरोजिनीबाई," तुकोजीराव म्हणाले. त्यांचा आवाज खरंच थकलेला होता. "नऊ आठवडे झाले. पथ्य करतोय, चालतोय, वजन ढिम्म. तुम्हीच सांगा, अधूनमधून सूट घ्यावी की नाही? मी तर एकदाही घेतली नाही. रविवारचा फाफडासुद्धा बंद केला. आबांना बरोबर घेऊन जायचो, तेही थांबलं."

सरोजिनीबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. मग रॅककडे बोट केलं.

"त्या वरच्या कप्प्यात काय आहे?"

"वॉशर. स्क्रू."

"ते नाही विचारलं. कशात ठेवलेत?"

"खोक्यांत."

"कसल्या खोक्यांत?"

"पेढ्यांच्या."

"तारखा तुम्हीच घातल्यात ना? वाचा. मोठ्याने वाचा."

"बावीस जानेवारी," तुकोजीराव वाचू लागले. "तेवीस जानेवारी. पंचवीस. एकोणतीस. एकतीस..." फेब्रुवारीशी येईपर्यंत त्यांचा आवाज बसला. मग ते मनातल्या मनातच मोजत गेले. एकतीस! नऊ आठवड्यांत एकतीस खोकी! आणि प्रत्येकातला पहिला पेढा त्यांच्या तोंडात गेलेला, कारण पेढा आधी स्टोअरमध्ये येई. अरे देवा! हे पथ्य होतं?

"पण सरोजिनीबाई, मी कुठे मागून खाल्लं?"

"पोटाला ते कळत नाही," सरोजिनीबाई म्हणाल्या आणि स्टूल ओढून बसल्या. "नटुभाईंच्या घरी फोन जन्मात एकदा आला. त्यांच्या मते एका पेढ्याने काय होतंय? बरोबरच आहे त्यांचं. पण अशी दोनशे माणसं आहेत इथे. प्रत्येकाचा एक दिवस धरलात तर तुमचं वर्ष संपतं. सूट घ्यावी की नाही म्हणता? तुमची सूट तर रोज चालली आहे, फक्त ती तुम्ही घेत नाही, दुसरेच तुमच्या नावावर घेतायत!"

"मग काय माणसांना नाही म्हणू? त्यांना वाईट वाटेल."

"आबांना नाही म्हणालात तेव्हा त्यांना काय वाटलं, विचारलंत?"

तुकोजीराव खिळ्यांची पुडी बांधू लागले.

"आपण सगळे असेच," सरोजिनीबाई जरा मऊ आवाजात म्हणाल्या. "बाहेरच्याला नाही म्हणायला जीभ रेटत नाही, म्हणून घरच्यांना नाही म्हणतो. ते बिचारे ऐकून घेतात. हे बघा, मी काही संन्यासीण नाही. महिन्यातून एकदा लेकीकडे जाते, मैथिलीकडे. ती वाटीभर बासुंदी देते. ती मी डॉक्टरांना सांगून, ताटावर बसून, चवीने खाते आणि त्या रात्री पोळी कमी करते. बाकी कुणाच्याही पेढ्याला हात जोडते. पहिले दोन महिने लोक रुसले. मग सवय झाली. कायमचं काहीच खायचं नाही म्हटलं तर माणूस दमतो, शिर्के. तुम्ही दमलात ते बघतेच आहे. पण आनंद कशात आहे, ते आपलं आपण ठरवावं. तुमचा होता रविवारात, आणि तोच तुम्ही आधी तोडलात."

खिळ्यांची पुडी घेऊन त्या गेल्या.

संध्याकाळी घरी आले तेव्हा आबा झोपाळ्यावरून उठत होते. उठताना त्यांनी एका हाताने विजार धरून ठेवली होती.

"नाडी सैल झाली का आबा?"

"नाडी कसली सैल होतेय," निरुपमाबाई आतून म्हणाल्या. "पंधरा दिवस सांगतेय, आबा जेवत नाहीत नीट. तुमचं लक्ष त्या काट्यापलीकडे जाईल तर ना!"

तुकोजीरावांनी काटा ओट्यावर आणला. जानेवारीत तो घरी आला त्या दिवशी हौसेने सगळ्यांनी वजन केलं होतं आणि निरुपमाबाईंनी आकडे कॅलेंडरवर पेन्सिलने लिहिले होते. आबा, एकसष्ट.

"चढा बघू आबा."

"माझं कशाला? पथ्य तुझं आहे."

"चढा हो."

आबा लेकाच्या खांद्याला धरून चढले. काटा थरथरला आणि थांबला. पंचावन्न! तुकोजीरावांनी पुन्हा वाकून पाहिलं. पंचावन्नच! म्हणजे नऊ आठवड्यांत घरात वजन उतरलं होतं, आणि तेही सहा किलो. पथ्य लेकाने केलं होतं आणि वाळत होते आबा!

"आबा, असं का केलंत?" तुकोजीरावांनी विचारलं.

"मी काय केलं? भूक लागत नाही एवढंच. पूर्वी रविवार आला की आठवडा उजाडल्यासारखा वाटायचा. हल्ली वार कळत नाहीत रे तुकोजी." आबा काट्यावरून जपून उतरले. "तुझी आई माझ्या डोळ्यांदेखत गेली. तू पथ्य सोडावंस असं मी कसं म्हणू?"

निरुपमाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पदराने डोळे टिपले आणि कूकर उतरवायला आत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या आबांना घेऊन डॉक्टरांकडे जाऊन आल्या. आजार काही निघाला नाही. तुकोजीरावांनीही आपलं विचारून घेतलं. आठवड्यातून एकदा दोन वेढे जिलबीला डॉक्टरांनी मान डोलावली, मात्र बाकीचे सहा दिवस एक कणही नाही, असं बजावलं.

बुधवारी नटुभाई पुन्हा आले. या वेळी मेव्हण्याचा रंगीत टीव्ही होता.

तुकोजीरावांनी हात जोडले. "अभिनंदन! पण पेढा नको."

"अरे, मारा सम—"

"शपथ घालू नका, नटुभाई. माझी आई साखरेने गेली. आंधळी होऊन गेली. आता माझी साखर काठावर आहे."

नटुभाईंचा हात हवेतच थांबला. मग नटुभाईंनी खोक्याचं झाकण लावलं.

"मने तो कोईए कह्युंज नहीं, शिर्केभाई," ते हळूच म्हणाले.

"मीच नाही सांगितलं. बसा. टीव्ही केवढा आहे ते तरी सांगा."

नटुभाई बसले आणि दहा मिनिटं टीव्हीबद्दल बोलले. जाताना नेहमीपेक्षा खूश दिसले. सगळेच काही इतक्या सहज ऐकणारे नव्हते. पेंटशॉपमधल्या एकाने तर महिनाभर नमस्कारही केला नाही. तुकोजीरावांना ते लागलं, पण त्यांनी हात पुढे केला नाही.

पुढच्या रविवारी पावणेसातला तुकोजीराव ओट्यावर आले तर आबा इस्त्रीच्या सदऱ्यात, टोपी घालून उभे! सदरा गळ्याशी ढगळ झाला होता. मांडवीच्या बाकावर फाफडा आला, संभारो आला, जिलबी आली. तुकोजीरावांनी दोन वेढे आपल्या कागदावर घेतले आणि सावकाश, एकेक घास चावून खाल्ले. एकतीस खोक्यांतल्या एकाही पेढ्याची चव त्यांना आठवत नव्हती. ही जिलबी मात्र आठवडाभर पुरणार होती.

शेवटचा एक वेढा उरला. आबांनी जन्माच्या सवयीने तो उचलून लेकापुढे धरला. "घे. एवढ्याने काय होतंय?"

"नको आबा. माझं झालं."

आबांचा हात थांबला. पाहुण्याला उपाशी उठू न देणाऱ्या घराण्यातला तो हात. त्यांनी लेकाच्या तोंडाकडे नीट पाहिलं, मग हसले आणि तो वेढा स्वतःच्या तोंडात टाकला.

"शहाणा झालास," ते म्हणाले. "चल, पुढच्या रविवारी परत येऊ."

मंडळी, तीन महिने संपले तेव्हा तुकोजीरावांचं वजन दोन किलोंनीच उतरलं होतं. डॉक्टरांनी भुवया वर केल्या, पण गोळ्या आणखी तीन महिने लांबवल्या. आबांचे मात्र कॅलेंडरवर सत्तावन्न झाले होते. आपल्याकडे आग्रहाला प्रेम म्हणतात, आणि नको म्हणणाऱ्याला माणूसघाणा. पण ज्याच्या तोंडात आपण शपथ घालून घास कोंबतो, त्याच्या घरी काय चाललं आहे, हे आपल्याला ठाऊक असतं का? कुणी हात जोडले तर खोक्याचं झाकण लावावं आणि त्याच्याजवळ दोन घटका बसावं. आणि जो पथ्यावर आहे त्याने स्वतःला एखादा गोड घास जरूर द्यावा. तो आपण निवडलेला असावा आणि आपल्या माणसाशेजारी बसून खावा. तुकोजीरावांच्या स्टोअरमध्ये हल्ली वॉशर ठेवायला खोकी कमी पडतात, आणि त्याबद्दल ते मुळीच तक्रार करत नाहीत.