धाकटीच्या नावावर

घरात थोरल्या सुनेचं कुणी फारसं ऐकत नसे, पण कॉम्प्युटरवर तिचा शब्द चाले. वाचनालयांसाठीचा एक ओपन सोर्स प्रोग्रॅम देशोदेशीचे हौशी लोक मिळून चालवत होते, आणि त्यात सापडणारा प्रत्येक बग, म्हणजे चूक, दुरुस्तीसाठी कुणाच्या नावावर टाकायचा, हे ती ठरवायची. सकाळचा चहा घेता घेता तक्रारी वाचायची आणि वाटून टाकायची. गोड बोलणाऱ्याला सोपं, चारचौघांत नाव होईल असं काम मिळे. उलट उत्तर देणाऱ्याच्या गळ्यात असं काही लोढणं पडे, की त्याचा आवाजच बंद व्हावा.

एके दुपारी भाजी निवडताना धाकटी जाऊ म्हणाली, "ताई, तुमच्या त्या प्रोग्रॅममध्ये मला काहीतरी द्या ना."

लग्नाआधी धाकटी उत्तम प्रोग्रॅमर होती. मूल सारखं आजारी पडायचं म्हणून तिने नोकरी सोडली. आता ते शाळेत जाऊ लागलं होतं आणि तिला पुन्हा उभं राहायचं होतं. एका कंपनीने अट घातली होती, हल्लीचं काम दाखवा, आणि ते कुठल्यातरी प्रकल्पात स्वीकारलं गेलेलं हवं.

"देते की," थोरली म्हणाली. "घरचीच तर आहेस."

तिला जुनं काहीतरी आठवलं होतं. एकदा तिने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून आपलं काम सगळ्यांना दाखवलं होतं. ताटं उचलता उचलता धाकटी वाकली आणि सहज बोलून गेली, "ताई, हे पुस्तक दोनदा मोजलं जातंय." सासरे पोट धरून हसले. "पकडलं की धाकटीने!" धाकटी दुसऱ्या दिवशी ते विसरली. थोरलीने मात्र ते गाठीशी बांधून ठेवलं.

प्रोग्रॅमचा एक भाग पुस्तकांच्या पाठीवर चिकटवायची लेबलं छापायचा. छापताना ओळ जरा जरा खाली सरकायची, आणि पान संपेपर्यंत एका पुस्तकाचा नंबर दुसऱ्याच्याच लेबलावर जायचा. भल्याभल्यांनी त्यापुढे हात टेकले होते. शेवटी पुढच्या आवृत्तीतून तो भागच काढून टाकायचा, असं मुख्य मंडळींनी ठरवलं. ते अजून जाहीर व्हायचं होतं. थोरली त्या मंडळींत होती.

तिने तोच बग धाकटीच्या नावावर टाकला.

धाकटी हरखली. कुठूनसा एक जुनाट प्रिंटर आणला आणि खिडकीशी मांडला. मूल शाळेत गेलं की तिचं काम सुरू. लेबलं छापायची, पट्टीने मोजायची, पुन्हा छापायची. कणकेच्या हाताने येऊन विचारायची, "ताई, कागदाची उंची हा प्रोग्रॅम कुठून घेतो?" थोरली मायेने सांगायची, "अजून जरा खोल जा. जवळ आली आहेस." खरोखरच ती जवळ आली, तेव्हा थोरलीने त्याच भागातले आणखी दोन बग तिच्या नावावर चढवले.

प्रकल्पाच्या प्रमुखाला सगळे दाढीवाला म्हणत. त्याने विचारलं, "त्या भागावर कशाला कुणाला बसवलंस? तो तर जाणार."

"नवीन आहे. हात बसू दे," थोरलीने लिहिलं.

शेवटी धाकटीने दुरुस्ती पाठवली. थोरलीने आपल्या नोकरीच्या ठिकाणी, तिथल्या प्रिंटरवर छापून पाहिलं. सगळी लेबलं जागच्या जागी, रेघ मारल्यासारखी. क्षणभर तिला हेवा वाटला, आणि मग राग आला. "तपासणी चालू आहे," असं लिहून तिने काम अडकवून ठेवलं, नव्या आवृत्तीची घोषणा होईपर्यंत. मग तिन्ही बग एका फटक्यात बंद केले. खाली लिहिलं, "हा भाग काढला आहे. दुरुस्तीची गरज नाही. आभार."

मुलाखतीत कंपनीच्या बाईंनी प्रकल्पाचं पान उघडलं. तिन्ही कामं न स्वीकारता बंद केलेली. "पुन्हा कधीतरी बघू," त्या म्हणाल्या.

धाकटी परतली ती थेट स्वयंपाकघरात आली. पर्सही खांद्यावरून काढली नव्हती.

"तो भाग जाणार, हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

थोरली भांडी पुसत होती. खोटं तिच्या जिभेवर आलं होतं, पण मग सगळी मजाच गेली असती. "पहिल्यापासून."

"मग मला का दिलंत?"

"तू मागितलंस म्हणून."

धाकटी रडेल, भांडेल, सासऱ्यांना बोलावेल, म्हणून थोरली वाट पाहत राहिली. धाकटीने फक्त पंख्याचं बटण बंद केलं आणि निघून गेली. ती नवऱ्यालाही काही बोलली नाही. ताई असं कशाला करतील, असंच तो म्हणाला असता.

पुढे तिने एका दुकानात बिलं करायची नोकरी धरली आणि वेगळं बिऱ्हाड करायचा हट्ट धरला. सामान हलवायच्या दिवशी तिचा नवरा शेवटचं खोकं घ्यायला वर आला आणि अवघडून दारात थांबला.

"वहिनी, त्या प्रोग्रॅममध्ये हिला पुन्हा काही देता येईल का? तेव्हा फार खूश होती हो."

थोरलीने पदराला हात पुसले. "देते की, भावजी. एक बग कधीचा पडून आहे. तिच्याच नावावर टाकते."

दिराने खिडकीतून डोकं बाहेर काढून आनंदाने हाक मारली, "ऐकलंस का? वहिनी काम देताहेत!"

खाली धाकटी सामानावर दोरी आवळत होती. तिने मान वर केली नाही.